तांब्याला पर्याय काय? खाऱ्या पाण्याच्या टाकीतील परजीवी आणि त्यांचा बंदोबस्त



खाऱ्या पाण्याच्या टाकीबद्दल बोलायचं म्हटलं की आपण बहुतेक वेळा रंगांबद्दल बोलतो. प्रवाळ, दिवे, क्लाउनफिशची जोडी. मासे मरतात त्याबद्दल फारसं कोणी बोलत नाही. पण ज्यांच्या घरी अशी टाकी आहे त्यांना ती संध्याकाळ माहीत असते. दिवे लागतात, आणि माशाच्या परावर मिठाच्या कणासारखे दोन-चार पांढरे ठिपके दिसतात. काही दिवसांनी तेच ठिपके अंगभर होतात. मग फोनाफोनी सुरू होते, आणि पलीकडून बहुधा एकच उत्तर येतं: "कॉपर टाका."

आज आपण त्या उत्तराच्या पलीकडे जाणार आहोत. तांबं वापरायचं नसेल, किंवा वापरता येत नसेल, तर काय करायचं? आमचं म्हणणं सुरुवातीलाच सांगून टाकतो. तांब्याला पर्याय म्हणजे दुकानातली दुसरी बाटली नव्हे. कोणता परजीवी आहे आणि तो आयुष्याच्या कोणत्या टप्प्यावर आपल्या हाती लागतो, हे कळणं हा खरा पर्याय आहे. ते कळलं तर कधी कधी दोन बादल्या पुरतात. ते न कळता टाकलेलं उत्तम औषधसुद्धा वाया जातं.

तांबं करतं काय, आणि अडतं कुठे

तांब्याचं विष आपल्याला नवीन नाही. मोरचूद म्हणजे कॉपर सल्फेट. मोरचूद आणि चुना मिसळून केलेलं बोर्डो मिश्रण आपल्याकडे द्राक्षबागेत आणि कोकणात सुपारीवर फवारतात, बुरशी मारायला. टाकीतही तेच तत्त्व आहे. पाण्यात विरघळलेलं थोडंसं तांबं सूक्ष्म जिवांना मारतं आणि मासा तेवढं सोसून जातो.

"तेवढं" म्हणजे किती? साधं, आयन स्वरूपातलं तांबं वापरलं तर लिटरला ०.१५ ते ०.२० मिलिग्रॅम. शंभर लिटरच्या टाकीत २० मिलिग्रॅम तांबं. ते मोरचुदातून द्यायचं तर सुमारे ८० मिलिग्रॅम मोरचूद लागेल, म्हणजे तीन-चार तांदळाच्या दाण्यांएवढं वजन. याच्या खाली गेलात तर परजीवी जगतो, वर गेलात तर मासा दगावतो. म्हणून रोज, शक्यतो दोनदा, चाचणी करायची आणि हे दोन ते चार आठवडे चालवायचं. बाजारात बांधलेल्या स्वरूपातलं, म्हणजे कीलेटेड तांबंही मिळतं. त्याची मात्रा लिटरला दीड ते अडीच मिलिग्रॅमच्या घरात असते. एका प्रकारचं औषध आणि दुसऱ्याचा आकडा, अशी गल्लत झाली की पूर्ण टाकी संपते.

तांब्याच्या अडचणी तीन. पहिली, कोळंबी, शंख, प्रवाळ, समुद्रफूल यांना ते सोसत नाही, त्यामुळे मुख्य टाकीत ते टाकताच येत नाही. दुसरी, लाइव्ह रॉक आणि प्रवाळाची वाळू म्हणजे मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट, आणि ते तांबं शोषून घेतं. सकाळी टाकलं, संध्याकाळी आकडा खाली. तिसरी, ते माशालाही ताण देतं. कल्ल्यांना इजा होते आणि प्रतिकारशक्ती खालावते. शार्क आणि पाकटांसारख्या माशांना तर ते देऊच नये असं मानतात.

आमची स्वतःची पहिली चूक यातलीच. खडक असलेल्या टाकीत आम्ही तांबं टाकलं. आकडा खाली येत राहिला, आम्ही भर घालत राहिलो. टँग वाचला नाही. कोळंब्या तर दुसऱ्या दिवशीच गेल्या, आणि तो खडक पुढे प्रवाळांसाठी वापरण्याची आमची हिंमत झाली नाही.

एक मात्र स्पष्ट करतो. आम्ही तांब्याच्या विरोधात नाही. वेगळ्या, रिकाम्या क्वारंटाइन टाकीत, चांगल्या चाचणी संचासह, तांबं आजही खात्रीचं औषध आहे. पण ते प्रत्येक रोगावरचं औषध नाही.

आधी ओळख, मग औषध

आपल्याला चार मंडळी ओळखता यायला हवीत.

पहिला क्रिप्टोकॅरियॉन इरिटन्स, म्हणजे आपला नेहमीचा "मरीन इक". हा केसाळ एकपेशीय जीव, सिलिएट. जपानमध्ये सिकामा यांनी १९३०च्या दशकात त्याचं वर्णन केलं आणि १९५१ साली ब्राऊन यांनी लंडनमध्ये त्याला आजचं नाव दिलं. योगायोग असा की मुंबईचं तारापोरवाला मत्स्यालय त्याच वर्षी सुरू झालं. याचे ठिपके मिठाच्या किंवा बारीक रव्याच्या कणासारखे, एकेक सुटा मोजता येईल असे.

दुसरा ॲमिलूडिनियम ओसेलेटम, म्हणजे "व्हेल्वेट". हा डायनोफ्लॅजेलेट, शैवालांच्या नात्यातला. याचे कण इतके बारीक की अंगावर पीठ किंवा सोनेरी भुकटी भुरभुरल्यासारखी दिसते, तीही बाजूने टॉर्च मारली तर. बऱ्याचदा तो आधी कल्ल्यांवर बसतो. म्हणून ठिपके दिसण्याआधीच मासा धापा टाकतो, उजेड टाळतो, पंपाच्या प्रवाहासमोर तोंड करून थांबतो. इकमध्ये तुमच्याकडे काही दिवस असतात. व्हेल्वेटमध्ये कधी कधी दोन दिवसही नसतात.

तिसरा ब्रुकलिनेला हॉस्टिलिस. समुद्रातून पकडून आणलेल्या क्लाउनफिशमध्ये हा फार दिसतो. अंगावरचा बुळबुळीत थर जाड होतो आणि सालीसारखा सुटू लागतो. यावर तांबं चालत नाही. अनेक जण इथे पांढरं दिसलं म्हणून तांबं टाकतात आणि मासा गमावतात.

चौथी मंडळी म्हणजे फ्लूक, निओबेनेडेनियासारखे चपटे कृमी. मासा दगडाला अंग घासतो, डोळे धुरकट होतात. कृमी अंगावर असताना जवळजवळ पारदर्शक असतात, त्यामुळे दिसत नाहीत. यांच्यावरही तांब्याचा भरवसा नाही.

शाळेत असतो तसला साधा सूक्ष्मदर्शक, शंभर पट मोठं दाखवणारा, असला तर फार उपयोग होतो. माशाच्या अंगावरून काचपट्टीने हलकेच थोडा थर घ्यायचा आणि बघायचं. गोल, गडद आणि सावकाश गरगरणारा दिसला तर इक. अंडाकृती आणि अजिबात न हलणारा दिसला तर व्हेल्वेट. हृदयाच्या आकाराचा, सरपटत फिरणारा दिसला तर ब्रुकलिनेला. एका नमुन्यात काही सापडलं नाही म्हणून रोग नाही असं मात्र समजू नका.

चक्र कुठे तोडायचं

आता इकचं जीवनचक्र बघू, कारण पुढचे दोन्ही उत्तम उपाय त्यातून निघतात.

माशाच्या अंगावर जो ठिपका दिसतो तो परजीवीचा खाण्याचा टप्पा. तो कातडीच्या वरच्या थराखाली शिरून बसलेला असतो, म्हणून पाण्यातलं औषध त्याच्यापर्यंत पोहोचत नाही. साधारण तीन ते सात दिवस तो तिथे खातो, फुगतो, मग मासा सोडून तळाशी जातो. तिथे स्वतःभोवती टणक कोष करतो. या कोषालाही बहुतेक औषधं भेदू शकत नाहीत. कोषाच्या आत तो विभागत जातो, आणि एका कोषातून शेकडो पोहणारी पिल्लं बाहेर पडतात. या पिल्लांना एक-दोन दिवसांत मासा सापडला नाही तर ती मरतात.

म्हणजे तांबं नेमकं कोणाला मारतं? फक्त या पोहणाऱ्या पिल्लांना. माशावरचे ठिपके तांब्याने जात नसतात. ते आपल्या वेळेने गळून पडतात. औषध न देताही सात दिवसांत मासा एकदम स्वच्छ दिसू शकतो, आणि मालक म्हणतो, "बरा झाला." त्याच वेळी तळाशी कोष तयार होत असतात. दहा-पंधरा दिवसांनी पुन्हा ठिपके, या वेळी दसपट. बाजारातली कितीतरी चमत्कारी औषधं या मधल्या स्वच्छ आठवड्यावर जगतात.

पहिला पर्याय: टाकी बदलत राहणे

आता विचार करा. परजीवी मासा सोडून तळाशी जातो, आणि कोषातून पिल्लं बाहेर यायला किमान तीन दिवस लागतात. मग त्या तीन दिवसांच्या आत आपण मासाच तिथून उचलला तर? पिल्लं बाहेर येतील तेव्हा टाकीत मासा नसेल.

हीच टँक ट्रान्सफर पद्धत. इस्रायलमध्ये काम करणारे कोलोर्नी यांनी १९८०च्या दशकात ती मांडली. दर तीन दिवसांनी एक बदल, असे चार बदल. पहिल्या दिवशी मासा पहिल्या भांड्यात. मग चौथ्या, सातव्या, दहाव्या आणि तेराव्या दिवशी नव्या भांड्यात. परजीवी अंगावर जास्तीत जास्त आठवडाभर राहतो, म्हणून तोवर सगळे गळून गेलेले असतात. शेवटचा बदल खबरदारीचा.

यात औषध काहीच नाही. दोन प्लास्टिकची भांडी, दोन हवेचे पंप, दोन नळ्या, लपायला पाइपचे दोन तुकडे आणि लागेल तिथे दोन हीटर. एक संच वापरात, दुसरा धुऊन कडक वाळवलेला. वाळवणं हीच इथली निर्जंतुकी आहे. जुन्या भांड्यातलं पाणी, जाळी, स्पंज, काहीही पुढच्या भांड्यात जाता कामा नये. मासा जाळीऐवजी छोट्या भांड्याने किंवा ओल्या हाताने उचला, आणि शक्य तेवढं कमी पाणी सोबत न्या. बदल सकाळी करा, कारण हा परजीवी मासा सोडतो तो मुख्यतः अंधारात. आणि ७२ तासांचं गणित पाळा. "रविवारी सुट्टी आहे तेव्हा करू" इथे चालत नाही.

अडचण एकच, अमोनिया. भांड्यात जैविक फिल्टर नसतो. मासा मोठा आणि भांडं छोटं असेल तर तिसऱ्या दिवसापर्यंत पाणी बिघडतं. खाणं बेताचं द्या, उरलेलं काढून टाका आणि रोज अमोनिया तपासा. नव्या पाण्याचं तापमान आणि खारटपणा जुन्या पाण्याइतकाच ठेवा.

आणि सर्वांत महत्त्वाचं, ही पद्धत इकसाठीच आहे. व्हेल्वेटवर तिचा भरवसा नाही, कारण त्याची पोहणारी पिल्लं कित्येक दिवस जिवंत राहतात आणि वेळेचं हे गणित तिथे जुळत नाही. हे आम्ही पुस्तकातून शिकलो नाही. एका खेपेला व्हेल्वेटला इक समजून आम्ही मोठ्या शिस्तीत भांडी बदलत बसलो. दुसऱ्या बदलापर्यंत तीनपैकी एकच मासा उरला होता. पद्धत बरोबर होती, ओळख चुकली होती.

दुसरा पर्याय: खारटपणा कमी करणे

कैरीला मीठ लावलं की पाणी सुटतं. बेदाणे साध्या पाण्यात टाकले की फुगतात. हेच परासरण. समुद्राचं पाणी साधारण दर हजारी ३५ भाग खारं असतं. सागरी माशाचं रक्त मात्र त्याच्या तिसऱ्या हिश्श्याइतकंच खारं. म्हणजे मासा सतत समुद्राशी झगडत असतो, पाणी पितो आणि जादा मीठ कल्ल्यांतून बाहेर टाकतो. पाणी दर हजारी १५ भागांपर्यंत उतरवलं तर हाडं असलेल्या बहुतेक माशांना त्रास होत नाही, उलट ओझं हलकं होतं. इकचा कोष मात्र हे सोसत नाही. त्यात पाणी शिरतं आणि तो फुगून निकामी होतो. तांबं ज्या कोषाला शिवत नाही, तोच कोष इथे मरतो.

शंभर लिटर पाणी ३५ वरून १५ वर आणायचं तर साधारण ५७ लिटर काढून तेवढंच आरओचं पाणी घालावं लागेल. हे एका दमात करू नका, दोन दिवसांत टप्प्याटप्प्याने करा. गोड्या पाण्यामुळे पाण्याची आम्ल पेलण्याची ताकद कमी होते आणि पीएच घसरतो. तो रोज बघा, गरज पडली तर खाण्याचा सोडा अगदी थोडा विरघळवून घाला. शेवटचा ठिपका गेल्यानंतरही तीन ते चार आठवडे हेच पाणी ठेवा. परत वर नेताना मात्र आठवडाभर तरी घ्या. खाली येणं माशाला सोपं, वर चढणं अवघड.

इथे सगळा खेळ मोजमापाचा आहे. १५ ऐवजी २० वर राहिलात तर परजीवी मजेत जगतो. रिफ्रॅक्टोमीटर आधी प्रमाणित द्रावणाने तपासून घ्या. काट्याच्या स्वस्त हायड्रोमीटरवर हा उपचार करू नका.

मर्यादाही सांगायला हव्यात. व्हेल्वेट खाडीच्या मचूळ पाण्यातही सुखाने राहतो, त्याच्यावर हा उपाय चालत नाही. शार्क, पाकट आणि सगळे अपृष्ठवंशी जीव यात टिकत नाहीत. आणि तैवानमध्ये कमी खारटपणा सोसणारे इकचे प्रकार सापडले आहेत. म्हणून दहा दिवसांनीही नवे ठिपके येत असतील तर हट्ट धरू नका, उपाय बदला.

तिसरा पर्याय: क्लोरोक्विन

हिवतापाची कडू गोळी जुन्या लोकांना आठवत असेल. बायर कंपनीत १९३४ साली तयार झालेलं हे औषध मत्स्यालयात व्हेल्वेटवर वापरलं जातं. मात्रा लिटरला १० मिलिग्रॅमच्या आसपास, काही जण १५ पर्यंत जातात. फक्त क्वारंटाइन टाकीत, कारण शैवाल आणि अपृष्ठवंशी जिवांना ते घातक आहे.

तांब्याच्या तुलनेत याचा फायदा असा की बहुतेक मासे ते शांतपणे सोसतात आणि खाणं सोडत नाहीत. तोटा असा की पाण्यात औषध किती उरलंय हे घरी मोजता येत नाही. उजेडाने ते घटतं, काही टाक्यांत जिवाणूही ते खाऊन टाकतात. शिवाय हेही कोष फोडत नाही, बाहेर पडलेल्या पिल्लांनाच मारतं. त्यामुळे तीन-चार आठवडे टिकवावं लागतं, आणि शेवटी मासा स्वच्छ टाकीत हलवणंच बरं.

एक बारीक पण महत्त्वाची गोष्ट. २५० मिलिग्रॅम क्लोरोक्विन फॉस्फेटच्या गोळीत मूळ औषध १५० मिलिग्रॅम असतं, आणि वेष्टनावर दोन्ही आकडे लिहिलेले असतात. मत्स्यालयाची मात्रा सहसा फॉस्फेटच्या हिशोबात सांगतात. शिवाय गोळीत भरीचे पदार्थ असतात, ते पाणी गढूळ करतात. हे डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळणारं औषध आहे, पशुवैद्याशी बोलूनच घ्या. आणि उलटा प्रवास तर कधीच नको. मार्च २०२० मध्ये करोनाच्या भीतीपोटी अमेरिकेत ॲरिझोना राज्यातल्या एका माणसाने माशांसाठीचं क्लोरोक्विन फॉस्फेट घेतलं आणि तो दगावला. माशाची बाटली मुलांच्या हाती लागणार नाही अशी, नाव लिहून, वेगळी ठेवा.

थोडक्यात आणखी तीन

हायड्रोजन पेरॉक्साइड. हवाईत मोई नावाच्या माशाच्या संवर्धनात व्हेल्वेटवर याचा वापर तपासला गेला. लिटरला ७५ मिलिग्रॅम, अर्धा तास, वेगळ्या बादलीत, हवा चालू ठेवून. याने माशावरचे परजीवी बरेच झडतात, म्हणजे धापा टाकणाऱ्या माशाला उसंत मिळते. पण आंघोळीनंतर त्याच टाकीत परत सोडलात तर सगळं व्यर्थ. मासा नव्या टाकीतच गेला पाहिजे, आणि आठवडाभरात पुन्हा एकदा आंघोळ लागते. हिशोब करताना बाटली वाचा. परदेशी माहितीत ३ टक्क्यांचं द्रावण गृहीत धरतात, त्याचे लिटरला अडीच मिलिलिटर होतात. आपल्याकडे औषधाच्या दुकानात बहुधा "२० व्हॉल्यूम" मिळतं, ते सुमारे ६ टक्के असतं, त्याचे सव्वाच. न वाचता ओतलंत तर मात्रा दुप्पट.

फॉर्मॅलिन. ब्रुकलिनेलावर आजही हाच मुख्य उपाय. ३७ टक्क्यांच्या द्रावणाचे दहा लाख भागांत १५० ते २५० भाग, तीस ते साठ मिनिटं, भरपूर हवा देऊन, कारण ते पाण्यातला प्राणवायू घटवतं. हे माणसालाही घातक, कर्करोगकारक रसायन आहे. हातमोजे, चष्मा, उघडी खिडकी. घरात लहान मूल असेल तर आम्ही हे स्वतः करायला सांगणार नाही. जाणकाराकडून करून घ्या.

प्राझिक्वांटेल. फ्लूकवरचं औषध, लिटरला सुमारे अडीच मिलिग्रॅम. पाण्यात सहज विरघळत नाही, म्हणून आधी थोड्या पाण्यात घोटून घ्यावं लागतं. कृमींची अंडी त्याने मरत नाहीत, म्हणून आठवडाभराने दुसरी मात्रा हवीच. पहिल्या मात्रेवर थांबणं ही सर्वांत मोठी चूक.

यासोबत गोड्या पाण्यातली बुडी लक्षात ठेवा. तापमान आणि पीएच जुळवून, हवा दिलेल्या गोड्या पाण्यात तीन ते पाच मिनिटं. फ्लूक असतील तर ते पांढरे होऊन तळाशी पडतात. म्हणजे ही तपासणीही आहे आणि तात्पुरता आरामही. इक मात्र कातडीखाली असल्यामुळे याने बरा होत नाही.

मुख्य टाकीचं काय?

मासा बरा झाला, पण कोष घरच्या टाकीत आहेतच. तिथे औषध टाकता येत नाही, मग वाट बघायची. टाकीत एकही मासा ठेवायचा नाही. प्रवाळ, कोळंब्या राहू देत. इकच्या कोषातून ७२ दिवसांपर्यंत पिल्लं बाहेर पडल्याची नोंद आहे. बहुतेक कोष चार आठवड्यांत फुटतात, पण पूर्ण खात्री हवी तर अकरा आठवडे. लोक इथेच थकतात. सहाव्या आठवड्यात "आता काय होतंय" म्हणून मासे सोडतात, आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून.

श्रोत्यांचे प्रश्न

*प्रश्न: लसूण घातलेलं खाणं, क्लीनर कोळंबी, "रीफ सेफ" औषधं यांचा उपयोग होतो का?*

लसणाच्या वासाने एखादा मासा खायला लागला तर चांगलंच आहे. पण कातडीखालच्या परजीवीला त्याने काही होत नाही. क्लीनर कोळंबी बाहेरचे मोठे कीटक आणि मृत कातडी टिपते, इकचा फैलाव ती थांबवू शकत नाही. आणि नियम सोपा आहे: जे कोळंबीला आणि प्रवाळाला अजिबात इजा करत नाही, ते या परजीवीला मारेलच असं मानायला आधार लागतो. तो आधार विक्रेत्याकडे मागा.

*प्रश्न: यूव्ही दिवा लावला तर?*

दिव्यासमोरून जी पिल्लं जातात तेवढी मरतात. गर्दी कमी होते, रोग जात नाही. मदतनीस म्हणून ठीक.

*प्रश्न: आमच्या टाकीत इक आहे, पण मासे दोन वर्षं जगत आहेत. मग कशाला हा खटाटोप?*

असं होतं. आजारातून वाचलेल्या माशांना काही महिने टिकणारी प्रतिकारशक्ती येते, त्यामुळे रोग दबून राहतो. पण तुम्ही नवा मासा आणता तेव्हा त्याच्याकडे ती नसते. किंवा उन्हाळ्यात वीज जाते, पाणी तापतं, जुने मासे खचतात आणि दबलेलं वर येतं. टाकी बंदिस्त आहे, समुद्र नाही. समुद्रात पिल्लांना मासा सापडणं अवघड असतं, आपल्या काचेच्या डब्यात तो हातभर अंतरावर असतो.

*प्रश्न: रात्री अकरा वाजता मासा धापा टाकताना दिसला. रोग कळत नाही. काय करायचं?*

धापा म्हणजे कल्ले. आधी व्हेल्वेट धरा, कारण तिथेच वेळ सर्वांत कमी असतो. त्याआधी अमोनिया मात्र तपासा, पाणी बिघडलं तरी मासा असाच धापा टाकतो. पाणी ठीक असेल तर मासा वेगळ्या भांड्यात नव्या पाण्यात घ्या, हवा जोरात द्या, दिवा बंद ठेवा. बुडी देऊन फ्लूक आहेत का बघा. पेरॉक्साइडची आंघोळ मोजून देता येत असेल तर द्या. सकाळी नमुना काचेवर घ्या. आणि काहीही झालं तरी घाबरून तीन औषधं एकत्र करू नका.

शेवटचं. या टाक्यांतले कितीतरी मासे अजूनही प्रवाळखडकांवरून पकडून आणलेले असतात. आपल्या दारात पोहोचेपर्यंत त्यांनी बरंच सोसलेलं असतं. म्हणून सर्वांत स्वस्त उपचार मासा आणण्याच्या आधीच सुरू होतो. एक चाळीस-पन्नास लिटरची साधी क्वारंटाइन टाकी आणि चार-सहा आठवड्यांचा धीर. ती टाकी असेल तर तांबं की क्लोरोक्विन की बादल्या, हा निर्णय शांतपणे घेता येतो. ती नसेल तर तो निर्णय रात्री अकरा वाजता घ्यावा लागतो. नवा मासा बघायला दुकानात जाल, तेव्हा आधी घरी ती टाकी मांडून जा.